गच्चीवरचं आभाळ कोणाचं?

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय अजून सुटली नसेल, तर तुम्हाला हे लगेच कळेल. श्रीरामपुरात वॉर्ड नंबर कोणताही असो, मार्च उजाडला की गच्च्या जाग्या होतात. सकाळी कुरडया-पापड, दुपारी धुणं, संध्याकाळी अभ्यासाच्या नावाखाली मोबाइल आणि रात्री गाद्या. आई केस मोकळे सोडून बसते, आजोबा उघड्या अंगाने पेपर वाचतात. कोणी बघेल असं वाटत नाही, कारण कठडा आहे ना. आता समजा, त्या कठड्याच्या वर पन्नास-साठ फुटांवर घूं घूं करत एक ड्रोन येऊन थांबलाय. लाल-हिरवा दिवा लुकलुकतोय. पुढे जात नाही, मागे जात नाही. तुम्ही काय कराल?

दगड शोधाल. खरं सांगा, पहिला विचार तोच येतो. त्या दगडाकडे आपण नंतर येऊ. आधी हे बघू, की तुमच्या गच्चीच्या वरचं ते साठ फूट आभाळ नक्की कोणाचं?

२०२४ च्या पावसाळ्यात हा प्रश्न आपल्या भागात चांगलाच पेटला होता. आधी पुणे जिल्ह्याच्या गावांतून आणि मग नगर, संभाजीनगर, जालना, बीड इथून रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या यायला लागल्या. चोर घरांची टेहळणी करतात, अशी आवई उठली. गावोगाव पोरं काठ्या घेऊन रात्री जागली. व्हॉट्सॲपवर लुकलुकत्या दिव्यांचे व्हिडिओ फिरले. त्यातले किती ड्रोनचे आणि किती विमानांचे, देव जाणे. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं पोलीस सांगत राहिले. जुलैच्या सुरुवातीला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामाच्या ठिकाणावर ड्रोन घिरट्या घालत असल्याचा विषय थेट विधानसभेत गेला.

तेव्हा सगळे एकच विचारत होते, की उडवतंय कोण? चोर आहे का? पण समजा, चोर नसेल तर? समजा, तो शेजारच्या गल्लीतला सज्जन मुलगा आहे, नवा ड्रोन घेतलाय आणि हात बसवतोय. मग त्याने तुमच्या घरावर उडवलेला चालतो का? हे मात्र कोणी फारसं विचारलं नाही. आणि खरा घोळ तिथेच आहे.

कायदा वजन विचारतो, उंची विचारतो

देशात ड्रोनला लागू असलेली मुख्य नियमावली म्हणजे ‘ड्रोन नियम, २०२१’. २५ ऑगस्ट २०२१ ला ती जाहीर झाली. त्यात ड्रोनची वर्गवारी वजनावर आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल आणि पुढे मोठे. नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी नसेल तर त्यालाही नाही. (लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेतले की तो धंदा होतो, हे ओळखीच्या फोटोग्राफर मित्राला जरूर सांगा.) बाजारात २४९ ग्रॅमचे ड्रोन एवढे का विकले जातात, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. तो एक ग्रॅम उगाच वाचवलेला नाही.

मग येतो नकाशा. सगळं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही. विमानतळाच्या आसपास १२ किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत. आपल्याला जवळचा विमानतळ शिर्डीचा, म्हणजे कोपरगाव तालुक्यातल्या काकडीचा. श्रीरामपूर शहर त्या १२ किलोमीटरच्या बरंच बाहेर पडतं. म्हणजे आपल्या डोक्यावरचं आभाळ नियमांच्या दृष्टीने बऱ्यापैकी मोकळं. तात्पुरती बंदी घालता येते, पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी काही काळापुरता एखादा भाग लाल जाहीर करू शकतो. पण ती सोय सुरक्षेसाठी. तुमच्या आईच्या मोकळ्या केसांसाठी कोणी लाल पट्टा आखत नाही.

या नियमावलीच्या जेमतेम पाच महिने आधी, मार्च २०२१ मध्ये, दुसरे नियम आले होते. ते फार किचकट आहेत, अशी ओरड झाली. म्हणून नवे सोपे नियम केले. फॉर्मची संख्या २५ वरून ५ वर आली, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. चांगलंच झालं. पण त्या जुन्या किचकट नियमांत एक साधं कलम होतं. ड्रोन उडवणाऱ्याने माणसाचा आणि त्याच्या मालमत्तेचा खासगीपणा जपावा, अशा अर्थाचं. सोपेपणाच्या झाडलोटीत तेही बाहेर गेलं. माझ्या मते ही त्या वर्षातली सगळ्यात महाग पडलेली काटछाट आहे. ड्रोन किती जड आहे, किती उंच आहे, कुठल्या पट्ट्यात आहे, हे सगळं कायदा आता विचारतो. तो बघतोय काय, हे विचारायचं राहून गेलं.

कोंबड्या, जमीनदार आणि आकाश

‘जागा माझी, तर वरचं आभाळही माझं’ असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही एकटे नाही. इंग्रजी कायद्यात शतकानुशतकं हेच म्हणत. जमीन ज्याची, त्याची ती थेट स्वर्गापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत. विमानं आली आणि पंचाईत झाली. प्रत्येक शेतमालकाने विमान अडवायचं म्हटलं तर मुंबईहून दिल्लीला पोचायचं कसं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये या म्हणण्याला रामराम ठोकला. खटला होता नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कोंबडीपालकाचा. लष्करी विमानं त्याच्या जागेवरून ८३ फुटांवरून जायची. आवाजाने आणि उजेडाने बिथरून कोंबड्या भिंतींवर आदळायच्या. अशा दीडशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. धंदा बसला. कोर्ट म्हणालं, स्वर्गापर्यंतची मालकी आता चालणार नाही, पण जमिनीलगतची जेवढी हवा माणूस प्रत्यक्ष वापरू शकतो, तेवढी तरी त्याची आहेच. सरकारला भरपाई द्यावी लागणार होती.

इंग्लंडमधली गोष्ट आपल्या विषयाच्या आणखी जवळची. लॉर्ड बर्नस्टाइन हे ग्रॅनडा टेलिव्हिजनचे संस्थापक. म्हणजे स्वतः कॅमेऱ्याच्या धंद्यातला माणूस! एका कंपनीने विमानातून त्यांच्या केंटमधल्या घराचा फोटो काढला आणि तो त्यांनाच विकायला आणला. ते भडकले, निगेटिव्ह मागितली आणि शेवटी कोर्टात गेले. १९७७ मध्ये निकाल लागला, ते हरले. घर आणि जागा नीट वापरायला लागते तेवढ्याच उंचीपर्यंत मालकाचा हक्क, त्या वरून गेलेलं विमान म्हणजे घुसखोरी नव्हे, असं न्यायमूर्ती ग्रिफिथ्स यांनी ठरवलं. पण जाता जाता ते एक बोलून गेले. एखाद्याच्या घरावर सतत वरून पाळत ठेवून त्याच्या प्रत्येक हालचालीचे फोटो काढले, तर तो उपद्रव धरायला कोर्ट मागे हटणार नाही. लक्षात घ्या, १९७७ मध्ये ड्रोन नव्हता. असं करायला कोणाला तरी विमान भाड्याने घ्यावं लागलं असतं. आज श्रीरामपुरातल्या मेन रोडवरून मोबाइलवर हप्ता भरून ती सोय घरी आणता येते.

आपल्याकडे? १९३४ च्या विमान कायद्यातलं कलम १७ सांगायचं, की वारा-पाऊस वगैरे सगळं लक्षात घेता वाजवी म्हणता येईल अशा उंचीवरून विमान गेलं, तर केवळ त्या कारणावरून घुसखोरीचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली, बहुतेक तरतुदींचा सांगाडा मात्र जुनाच आहे. त्या कलमातला ‘वाजवी उंची’ हा शब्द पकडून ठेवा. तीस हजार फुटांवरचं प्रवासी विमान वाजवीच. तुमच्या पाण्याच्या टाकीएवढ्या उंचीवर दहा मिनिटं थांबलेला ड्रोन वाजवी उंचीवर आहे का? वकिलाला भांडायला इथे चांगली जागा आहे. लॉ करणाऱ्यांनी हा विषय प्रोजेक्टसाठी घेऊन ठेवावा.

खिडकी उघडायलाही बंदी होती

खासगीपणा ही परदेशी कल्पना आहे, आपल्याकडे सगळं उघडं-उघडं असतं, असं कोणी म्हणालं तर त्याला १८८२ चा सुविधाधिकार कायदा दाखवा. त्याच्या कलम १८ मध्ये उदाहरण दिलंय. एखाद्या गावात अशी रूढी असेल, की शेजाऱ्याचा खासगीपणा मोडेल अशी नवी खिडकी कोणी काढायची नाही, तर त्या रूढीला कायद्याचं बळ आहे. १८८८ मध्ये अलाहाबाद हायकोर्टासमोर अशीच तक्रार गेली. शेजाऱ्याने नवा व्हरांडा आणि दारं अशी काढली, की घरातल्या बायका वावरतात तो भाग दिसायला लागला. कोर्टाने खासगीपणाचा हक्क मान्य केला.

जरा आपले जुने वाडे आठवा. बेलापुरात किंवा नेवाशाला जुन्या पेठेत गेलात तर अजून दिसतील. रस्त्याकडे जाड भिंत, खिडकी असलीच तर छोटी आणि उंचावर. सगळं घर आत चौकाकडे उघडलेलं. वर माळवद, नाहीतर चौकावर मोकळं आभाळ. घर बांधणाऱ्याने चारही बाजूंचा विचार केला, वरचा केला नाही. का करील? वरून बघणारा एक देव, नाहीतर कावळा.

हे सगळं फक्त वाड्यांपुरतं असतं तर एवढं बोलायची गरज नव्हती. अजूनही तालुक्यातल्या कितीतरी वस्त्यांवर न्हाणीघराला छप्पर नाही. चार पत्रे किंवा ताडपत्री, आत दगडी फरशी आणि वर आकाश. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, तिथे तर चार काठ्यांना जुनी साडी गुंडाळली की झालं न्हाणीघर. स्लॅबच्या घरात राहणाऱ्याचा खासगीपणा ड्रोनने जातो तो गच्चीवरचा. यांचा जातो तो सगळाच. टीव्हीवरच्या चर्चांत बंगल्यांचे स्विमिंग पूल येतात, साडीचा आडोसा येत नाही.

इथे कायदा आहे, आणि कडक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. स्त्री खासगी कृतीत असताना, म्हणजे कोणी बघत नाही असं तिने धरून चालावं अशा ठिकाणी असताना, तिला चोरून बघणं, टिपणं किंवा ते पसरवणं हा गुन्हा. पहिल्यांदा सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा केला तर तीन ते सात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई आहे, ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाबद्दल, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॅमेरा हातात होता की चार पंख्यांवर, याने फरक पडत नाही.

पण या दोन्ही कलमांची व्याख्या अरुंद आहे, अंघोळ, स्वच्छतागृह, विवस्त्र अवस्था. गच्चीवर अंगभर कपड्यांत झोपलेली तुमची बहीण, अंगणात नातवाला पाजणाऱ्या सुनेशेजारी बसलेली आजी, भांडण झाल्यावर एकटाच रडत बसलेला मित्र... यातलं बरंचसं त्या व्याख्येत बसत नाही. मग राहतो २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मोठा निकाल, यात शंका नाही. पण मूलभूत हक्काचं मुख्य तोंड सरकारकडे असतं, शेजारच्या बंड्याकडे नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा? त्याने वैयक्तिक आणि घरगुती कामासाठी माहिती हाताळणारा माणूस वगळूनच टाकलाय. बंड्या पुन्हा सुटला.

हाच ड्रोन उतारा पण देतो

एवढं वाचून ड्रोनवरच राग काढू नका. राहुरीच्या कृषी विद्यापीठात ड्रोन चालवायचं प्रशिक्षण मिळतं, उसावर फवारणी होते, बिबट्याचा माग काढायला वनखातं उष्णता टिपणारा कॅमेरा लावून ड्रोन उडवतं. दोन पुरुष उंचीच्या उसात शिरून फवारणी केलेल्या माणसाला विचारा, तो ड्रोनला हार घालील.

आणि गंमत म्हणजे मालमत्तेच्या हक्काच्या बाबतीत ड्रोनने आपल्या गावांवर उपकारच केलेत. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घरांचं काय? पिढ्यान् पिढ्या राहतोय, पण मोजणी केलेला नकाशा नाही, बँकेपुढे ठेवायला कागद नाही. म्हणून गावठाणांची ड्रोनने मोजणी करायचं ठरलं. पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याशी सोनोरी आहे, तिथे आपल्या राज्यात याचा पहिला प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात ५० हजारांहून जास्त गावांतल्या ६५ लाखांवर मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या.

ही मोजणी होते कशी, ते बघण्यासारखं आहे. आधी ग्रामसभा. लोकांना सांगायचं, की ड्रोन येणार आहे, कशासाठी येणार आहे. मग मालकाने आपापल्या जागेची हद्द दाखवायची, त्यावर चुन्याच्या रेषा ओढायच्या. नंतर ड्रोन उडतो आणि वरून त्या पांढऱ्या रेषा टिपतो. नकाशा तयार झाला की हरकती ऐकायच्या आणि शेवटी पत्रिका. तोच पंखा, तोच कॅमेरा, तुमच्याच घरावर. पण कोणी काठी घेऊन जागत नाही, कारण कोण येतंय आणि का, हे ठाऊक असतं.

आता त्या दगडाचं

अमेरिकेत केंटकी राज्यात २०१५ मध्ये एका माणसाने घरावर आलेला ड्रोन बंदुकीने पाडला. मुली अंगणात होत्या, असं त्याचं म्हणणं. त्याला अटक झाली, पण स्थानिक न्यायाधीशाने त्याला सोडून दिलं. ड्रोनमालक मग केंद्रीय न्यायालयात गेला, की ती हवा कोणाची हे एकदाचं सांगा. २०१७ मध्ये त्या कोर्टाने, हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणून, उत्तर न देताच प्रकरण काढून टाकलं. तेव्हा तिथला दाखला देऊन इथे दगड उचलू नका. दुसऱ्याची वस्तू फोडली की नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर. वर, फिरत्या पात्यांसकट तो कोणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही, आणि त्यातली लिथियमची बॅटरी आपटली तर पेटू शकते.

त्यापेक्षा मोबाइल काढा. ड्रोनचं शूटिंग करा, वेळ बोलून नोंदवा, आपल्या घराची ओळखीची खूण त्याच चौकटीत येऊ द्या. मुख्य म्हणजे तो परत कुठे जातो ते बघा. छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण अर्ध्या तासाच्या आतबाहेर चालते, म्हणजे उडवणारा फार लांब नसतो. बऱ्याचदा तो दोन गल्ल्यांपलीकडे मान वर करून उभा असतो, आणि ‘दादा, आमच्या घरावर नको’ एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर ११२. पोलीस ठाण्यात अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तुम्हाला ड्रोनचं वजन माहीत नसणार, पण त्याची नोंदणी आहे का, उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का, हे पोलीस विचारू शकतात. नियम मोडले असतील तर एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. व्हिडिओ कुठे टाकला गेला असेल तर लिंक आणि स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, रिपोर्ट नंतर करा. उलट क्रम केलात तर पुरावा गायब होतो.

आणि तुमच्यातल्या ज्यांच्याकडे ड्रोन आहे त्यांच्यासाठी. हरेगावची मतमाउलीची यात्रा, कॉलेजचं गॅदरिंग, मामाच्या गावचं लग्न, वरून शूट झकास येतं, नाही कोण म्हणतंय? वस्तीवरून जाताना कॅमेरा खाली वळवून थांबू नका. एडिट करताना बाजूच्या गच्च्या कापा, रील त्याने काही पडत नाही. हळदीच्या आदल्या दिवशी शेजारच्या चार घरांत आमंत्रण द्यायला कोणीतरी जातंच. त्यालाच सांगून ठेवा, की काकू, उद्या सकाळी नऊ ते दहा ड्रोन उडणार आहे. काकू धुणं अकराला घालतील.